पुनमचं नाव

देवपुरातल्या घराच्या वरच्या खोलीत योगेंद्र गाणी बनवतो. आवाज अडवायला खिडकीला गादी लावलेली, टेबलावर कम्प्युटर, दोन बाजूंना स्पीकर. धुळ्या-जळगावच्या वरातींत डीजेच्या गाडीवर जी अहिराणी गाणी वाजतात, त्यातली बरीच त्याची.

आवाज त्याला ऐकू येण्याआधी दिसतो. स्क्रीनवर डोंगरांची ओळ उमटते. त्यातला हवा तो डोंगर कापायचा, ताणायचा, ठेक्यावर बसवायचा. शब्द काय होता हे कधी नंतर कळतं, कधी कळतच नाही.

मागच्या लग्नसराईत चुलतभावाच्या हळदीला त्याने गाणाऱ्या बायांच्या मधोमध रेकॉर्डिंग लावून फोन ठेवला आणि तो मंडपाची वायर जोडायला गेला. त्याची आत्या झुंबरबाई गात होती. तिला सगळे अक्का म्हणतात. त्यांच्याकडे हळदीच्या गाण्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. गेलेल्यांचंही, म्हणजे तेही लग्नाला येतात. अक्का आपल्या गेलेल्या लेकीच्या, पुनमच्या नावापाशी आली आणि पहिल्याच अक्षरावर तिचा आवाज फुटला. बाकीच्या बायांनी ओळ उचलली.

वरच्या खोलीत योगेंद्रने बांगड्यांची किणकिण पुसली, मग गलका पुसला. एक फुटका आवाज उरला. तो त्याला फार आवडला. त्याने तो एकामागे एक लावला, वेग वाढवत नेला आणि टोकाला ढोल सोडला. गाणं चाललं.

यंदा घरच्याच एका वरातीत डीजेवाला दीपक गाडीवरून वाकला. "भाऊ, तुमचंच लावतो. जळगावात तर याच्याशिवाय वरात हलत नाही. आज नाचा तरी, नवरीपेक्षा तुम्हीच जास्त लाजता."

पोरं गाण्याबरोबर तोंडाने पू-पू-पू करत उड्या मारू लागली. अक्का गर्दीतून आली, तिने त्याचा कोपर धरला, तोंड कानाशी आणलं.

"योगेंद्र, हाई मन्ही पुनम शे का रे?"

तोवर त्याला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी झालं.

"नही अक्का. कम्प्युटरना आवाज शे."

"माले वाटनं," ती म्हणाली, आणि आपलीच चूक झाल्यासारखी बाजूला सरकली.

त्याने गाणं पुसून टाकलं. पण ते आता लोकांच्या फोनांत होतं. रस्त्यावरून वरात गेली की गादीतूनही त्याला तो आवाज ओळखू येई. अक्काचं घर मागच्याच गल्लीत, ते टाळून तो लांबच्या वाटेने जाऊ लागला.

मग त्याची बहीण दिपमाला हिची हळद आली. फोन वरच्या खोलीत ठेवून तो बायांच्या कडेला बसला. अक्का एकेक नाव घेत पुनमपाशी पोचली. तिने योगेंद्रकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं.

"अक्का, पुनम राही गयी," शेजारची सुनंदाबाई कुजबुजली.

"ऱ्हाऊ दे. बाहेर लोक तिले नाचाडतस."

त्यानंतर तिने योगेंद्रचं नाव घेतलं. सबंध, गोड, कुठेही न अडखळता.