राबिहाबाईंची कॉफी

नाबलूस शहराच्या पश्चिमेला डोंगरातलं आमचं गाव. तिथे राबिहाबाईंनी शब्द टाकला की तो खाली पडत नसे. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कुणी पोरीला शाळेतून काढलं की थेट त्या घरी जायच्या, समोर आलेली कॉफी न पिताच खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी हो म्हणा, मग पिते." दारी आलेल्याची कॉफी अशी निवू द्यायची म्हणजे घराची अब्रूच गेली. माणसं चरफडायची, पण हो म्हणायची.

हीच खोड बाईंना नडली.

झालं असं, की सरकारनं शाळा सुधारायला घेतल्या. लहान गावांतले अकरावी-बारावीचे वर्ग बंद, मुलींनी शहरातल्या मोठ्या शाळेत जायचं. तिथे प्रयोगशाळा होती. बाईंनी जन्मभर फळ्यावर चंबू काढून रसायनशास्त्र शिकवलेलं. त्या हरखूनच गेल्या. गाव कुरकुरलं, तर बाईंनी संमतीच्या सह्यांसाठी घरं पालथी घातली. शेवटी उरला अबू मुतसिम गवंडी. त्याची लुबाना वर्गात सगळ्यात हुशार, तिला औषधांचं शिकायचं होतं.

"बाई, वर्ग इथेच ठेवा म्हणून तुम्हीच भांडा की," तो म्हणाला. "रस्त्यावर सैनिकांचं फाटक आहे. ते कधी बंद होईल, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं."

"आणि फाटकाला भिऊन पोरीला फळ्यावरचंच विज्ञान पाजायचं का?" बाईंनी कप खाली ठेवला.

त्यानं कपाकडे बघितलं, मग बाईंकडे. "प्या. पण पोर तुमच्या भरवशावर."

गावातला वर्ग बंद झाला. पहिलं वर्ष छान गेलं. नळीत काय तापवलं, कसा रंग बदलला, हे लुबाना येऊन सांगायची आणि बाई कान देऊन ऐकायच्या. मग मोठ्या रस्त्यावर कुणीतरी, सैनिक ज्यांच्या राखणीला होते त्या वसाहतीतल्या एका गाडीवर गोळ्या झाडल्या, आतला माणूस मेला, आणि आमचं फाटक बंद झालं. मुली डोंगरातून वळसा घालून जाऊ लागल्या. एका संध्याकाळी गस्तीनं त्यांना उतारावर अडवून दप्तरं उपडी केली. ते सैनिकही मिसरूड न फुटलेले, भेदरलेले. बंदुका मात्र खऱ्या. लुबाना अंधार पडल्यावर घरी पोचली. त्यानंतर बापानं तिला शाळेला सोडलं नाही.

गावातला वर्ग असता तर पोर आज बाकावर असती, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. वर्ग पुन्हा उघडा म्हणून त्यांनी शिक्षण कचेरीत खेटे घातले. तिथला साहेब म्हणाला, "बाई, मुली पाठवतो म्हणून तुम्हीच तर सगळ्यांच्या सह्या आणल्या होत्या."

शेवटी मन घट्ट करून त्या अबू मुतसिमकडे गेल्या. मी रोज घरी येऊन शिकवते, लुबानाला बाहेरून परीक्षेला बसू द्या, एवढंच मागायचं होतं.

कॉफी लुबानानंच आणली. बाईंनी सवयीनं कप खाली ठेवला. अबू मुतसिमची मान खालीच.

"प्या, बाई," लुबाना म्हणाली. "गुरुवारी मुलाकडची मंडळी आली होती. त्यांनीही अशीच खाली ठेवली होती. बाबांनी प्या म्हटलं."

"अगं, पण तुझी परीक्षा..."

"त्यांचं घर फाटकाच्या अलीकडे आहे," अबू मुतसिम म्हणाला. "मला आणखी काही बघायचं नव्हतं, बाई."

बाईंना फार वाईट वाटलं, आणि रागवायला कुणी सापडेना. त्यांनी निवलेला कप उचलला आणि पोरीसमोर शेवटपर्यंत प्यायला.

आता बाई कुणाकडेही गेल्या की कॉफी समोर येताच पिऊन टाकतात.