नव्वद बाइटांची पाटी

नाटकगृहाच्या दारावरची पाटी रंगवण्यात बोर्डवाल्या काकांची सारी हयात गेली. ओळ लांबली की ते अक्षरं सडसडीत करायचे, तोकडी पडली की ऐसपैस. कुंचल्याच्या हाताला जागा कमी पडली, असं कधी झालंच नाही. कुंचला गेला, दिव्यांची पाटी आली, तर साठीला टेकलेले काका कळफलकही शिकले.

आज मात्र त्यांचं घोडं अडलं होतं. कपडेपटातल्या मावशींचा शेवटचा दिवस. चाळीस वर्षं राजांची, चोरांची, वेड्यांची बटणं लावणाऱ्या मावशी उद्या सकाळच्या गाडीने लेकीकडे कायमच्या निघणार, आणि दारावर त्यांचा उल्लेख एकदाही झालेला नव्हता. काकांनी टाइप केलं : ‘आज रंगकेसरींचा प्रयोग आणि मावशींचा निरोप’. पाटीवर उमटलं ते ‘मावशीं’पर्यंत. पुढे काळी चौकट आणि त्यात प्रश्नचिन्ह. काकांनी अक्षरं बारीक केली. तरी तेच!

त्यांनी सुनेला फोन लावला. ती संगणकाच्याच कामात होती.

“बाबा, पाटी लांबी मोजत नाही, बाइट मोजते. नव्वद खुर्च्या आहेत समजा. इंग्रजी अक्षर एका खुर्चीत मावतं. आपल्या अक्षराला तीन लागतात. काना, वेलांटी, टिंब, प्रत्येकाला वेगळ्या तीन.”

“टिंबाला तीन? अगं, ते मी कुंचल्याचं टोक टेकवून फुकटात द्यायचो!”

“यंत्राच्या अक्षरांच्या यादीत पुढचे क्रमांक इंग्रजीने आधीच धरले होते. आपण मागाहून आलो, म्हणून आपला क्रमांक लांबलचक, त्याला खुर्च्या जास्त. तुमच्या ‘च’ला तीनपैकी दोनच खुर्च्या मिळाल्या. अर्धवट बसलेल्याला यंत्र ओळखत नाही.”

काकांनी ‘आणि’ काढून स्वल्पविराम दिला, ‘आज’ उडवलं. तरी चार बाइट जास्तच.

“मावशींना गाळा की,” व्यवस्थापक म्हणाले. “तिकिटं कुणाच्या नावावर खपतात?”

काका तडक रंगपटात गेले. मोठे नट, ज्यांना सगळे रंगकेसरी म्हणत, आरशासमोर बसले होते. मावशी तोंडात टाचण्या धरून त्यांची कॉलर बसवत होत्या. मावशींसमोर बोलायचं नव्हतं, पण वेळ कुठे होता? काकांनी सगळं सांगून टाकलं.

“मी किती खुर्च्या अडवतो?” नटांनी विचारलं.

“तेहेतीस.”

“बाप रे! पोटाने एवढी जागा अडवली नसेल. काढा मला.”

मावशींनी टाचण्या तळहातावर घेतल्या. “काही नको हं, दादा. माणसं तुम्हाला बघायला येतात.”

“मग बघतीलच की! अडीच तास समोर उभा असतो मी. तुम्ही कधी दिसलात का कुणाला?”

मावशी पुन्हा कॉलरकडे वळल्या. ती जरा जास्तच ओढली गेली.

“अहो, गळा! संवाद आहेत अजून!”

काकांनी नवी ओळ टाकली : ‘आज मावशींचा शेवटचा प्रयोग’. एकोणसत्तर बाइट. एकही अक्षर तुटलं नाही.

पहिली घंटा व्हायच्या आधी काका मावशींना जवळजवळ ओढतच रस्त्यापलीकडे घेऊन गेले. रांगेतल्या एका बाईंनी तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, “या मावशी कोण हो? कुठलं काम करतात?”

“सगळ्यांच्या अंगावर त्यांचंच काम आहे,” खिडकीतला म्हणाला. “आत गेल्यावर नीट बघा.”

मावशी मान वर करून ओळ वाचत राहिल्या. एकदा, मग पुन्हा एकदा.

“छान दिसतंय हो,” त्या म्हणाल्या. “आता सोडा मला. तिसऱ्या अंकाच्या कोटाला इस्त्री राहिलीये.”

आणि पदर खोचून, रांगेला वळसा घालून नेहमीच्या मागच्या दाराने जायचं सोडून, त्या आज समोरच्या मोठ्या दारानेच आत गेल्या.