तयार झालेली कवळी

दाढेचं रूट कॅनल करायचं होतं म्हणून मी दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या आजोबांना हाक आली, तसे ते एकटेच आत गेले. दार उघडंच राहिलं.

"आजी नाही आल्या? कवळी त्यांच्या तोंडात बसवून बघावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ती गेली हो, मागच्या आठवड्यात. झाली असेल तर मला बघू द्या."

बाईंनी कवळी त्यांच्या तळहातावर ठेवली. आजोबा ते गुलाबी हिरडीतले सारखे, पांढरे दात बराच वेळ निरखत राहिले.

"दात पडल्यापासून तोंडाशी पदर धरूनच हसायची. आता अशी दिसली असती, होय?"

"हो," बाई हळूच म्हणाल्या.

रुमालात कवळी गुंडाळून ते गेले. माणूस निघून जातं, पण त्याच्यासाठी करायला टाकलेली वस्तू आपल्या वेळेला तयार होतेच.

मग माझा नंबर लागला. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं. मी डोळे मिटले, तर कधीच न पाहिलेल्या त्या आजी समोर हसत होत्या. अजूनही सकाळी दात घासताना कधीतरी त्या आरशात हसतात, आणि चूळ तोंडात तशीच धरून मी उभा राहतो.