घडी आत घ्या हो

रुंद तक्ता दिसला की वहिनींचा खांदा आधी ठणकायचा, मग त्या फाइल उघडायच्या. कॉलेजमागच्या गल्लीत त्यांचं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान. पुढे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वहिनी. प्लायवूडच्या पार्टिशनमागे कटिंग मशीन, खळीचा डबा आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणते. थिसिस करणाऱ्यांच्या दोन पिढ्या या दोघांच्या हातांखालून गेल्या, आणि त्यांनी जाता जाता वहिनींच्या मानेची पार वाट लावली.

तुम्ही म्हणाल, टायपिंगने काय एवढं होतं? मजकुराने नाही होत हो, तक्त्यांनी होतं. पान आडवं करायला जावं तर अख्खं प्रकरण आडवं होऊन बसतं. ते उभं करावं तर पानांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू. कॉलम दाबले तर एकाच आकड्याचे दोन तुकडे, अर्धा वरच्या ओळीत, अर्धा खालच्या. अक्षर बारीक केलं तर कागदावर नुसत्या मुंग्या. आणि गाईड सर फोनवर सांगणार, "थोडं अ‍ॅडजस्ट करा ना." या 'थोड्या'पायी वहिनींनी किती दुपारी घालवल्या, ते देव जाणे.

शेवटी डॉक्टरांनी दम भरला आणि वहिनींनी घरी येऊन जाहीर केलं, "आता थिसिस बंद. झेरॉक्स, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. बास झालं."

भाऊंनी मान डोलावली. माणूस मान डोलावण्यात पहिल्यापासून तरबेज. आणि त्याच आठवड्यात काउंटरवर एक जाडजूड थिसिस येऊन पडली. विचारलं नाही, पुसलं नाही, भाऊ सरळ घेऊन मोकळे! वहिनींनी काम मुकाट्याने हातात घेतलं, पण त्या क्षणापासून अबोला धरला.

अबोला म्हणजे अगदीच तोंड शिवलेलं नव्हतं. वहिनी प्रिंटरशी बोलायच्या. "बाबा रे, चहा थर्मासमध्ये आहे, गार झाल्यावर बोंबलू नकोस." प्रिंटरला कसला आलाय चहा! पलीकडून भाऊ कटिंग मशीनला सांगायचे, "आज कागदवाल्याकडे जायचंय रे, जेवायला थांबू नकोस." गिऱ्हाईकं हसायची. या दोघांना मात्र हसू येत नव्हतं. एका घरात राहून असं भिंतींशी बोलणं कामापेक्षा जास्त दमवतं.

थिसिस होती एका मॅडमची. पन्नाशीच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, विहिरींच्या पाण्याच्या पातळीवर काम केलेल्या. मुलगी शाळेत होती तेव्हा त्यांनी सुरुवात केली होती, आता त्या मुलीला मूल झालं होतं. मुदतवाढीवर मुदतवाढ घेऊन झाली होती. आता शुक्रवारी पाचच्या आत प्रती युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात पोचल्या तर पोचल्या, नाहीतर नोंदणी रद्द. मॅडमनी हे सांगितलं तेही कोणाची तरी माफी मागितल्यासारखं.

आणि त्यात तो तक्ता! उभ्या रांगेत विहिरी, आडव्या रांगेत दोन वर्षांचे महिने. गाईड सरांचा हुकूम, तक्ता तोडायचा नाही, एका नजरेत दिसला पाहिजे. म्हणजे मोठ्या कागदावर छापायचा आणि घडी घालून थिसिसमध्ये बसवायचा. वहिनींनी तो एकेका महिन्याचा कॉलम ओढून बसवला. खांद्याला गरम पिशवी लावून बसवला म्हणा.

आता घडीच्या कागदाची एक गोम असते. घडी पानांच्या कडेपासून बोटभर आत राहायला हवी. कडेला भिडली, की पानं सारखी करताना मशीनचं पातं घडीच कापतं आणि कागदाचे दोन तुकडे होतात. म्हणून इतकी वर्षं घडीचा कागद पलीकडे गेला, की वहिनी पार्टिशनवरून हाक मारायच्या, "अहो, घडी आत घ्या हो!" आणि भाऊ वैतागून म्हणायचे, "कळतंय, कळतंय!" एकदाही चुकलं नाही. ना हाक चुकली, ना घडी.

गुरुवारी दुपारी पार्टिशनच्या फटीतून वहिनींनी पाहिलं. भाऊ घड्या घालत होते. कडेला कडा लावून, अगदी भिडवून. वहिनींच्या ओठांवर शब्द आला. आला आणि थांबला. मीच का बोलायचं पहिलं? दरवेळी मीच का? एवढी वर्षं बाइंडिंग करताय, एवढंही कळू नये? विचारतील गरज पडली तर. त्यांनी मान फिरवली आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला लागल्या. मागे मशीनचं पातं खाली आलं. तरी त्या उठल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी मॅडम आल्या. पाच प्रती, काळी पुठ्ठ्याची कव्हरं, सोनेरी अक्षरं. मॅडमनी आधी नुसता हात फिरवला. मग तक्त्याचं पान उघडलं, आणि अर्धा तक्ता सुटून फरशीवर पडला. त्यांनी दुसरी प्रत उघडली. तिसरी. प्रत्येकीत दुसरं वर्ष सुटं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे. माझ्याच नशिबात नसेल. मी पण थकले आता."

भाऊ पार्टिशनमागून बाहेर आले, फरशीवरचे कागद उचलले आणि खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी आहे मॅडम."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "माझी. मला दिसलं होतं, मी बोलले नाही." मग त्या भाऊंकडे वळल्या, प्रिंटरकडे नाही. "अहो, तक्त्याची जुनी पानं मुळाशी कापा, बोटभर पट्टी ठेवा शिवणीला. मी नवे तक्ते काढते. त्या पट्टीवर चिकटवायचे. उठा, बघत काय बसलात?"

"मी उभाच आहे," भाऊ म्हणाले.

"मग हात चालवा!"

त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वहिनी छापत होत्या, भाऊ पट्टीला खळ लावत होते. मॅडमना पण काम दिलं, चिकटवलेल्या पानावर वजन म्हणून पंचिंग मशीन धरायचं. वहिनींचा खांदा पेटला होता, पण त्या चुकूनही हुं म्हणाल्या नाहीत. प्रत्येक कागद पलीकडे देताना त्या म्हणत होत्या, "घडी आत." आणि भाऊ दरवेळी म्हणत होते, "आत." वैतागून नाही, साधंच.

पाचही प्रती रिक्षात घालून मॅडम गेल्या. खळ पुरती वाळलीही नव्हती. दोघं काउंटरमागे बसले.

"मला खरंच वाटलं, तुमच्या लक्षात नाही राहिलं," वहिनी म्हणाल्या.

भाऊ बोटांना चिकटलेली खळ खरवडत राहिले. "मी घड्या घालायला लागलो तेव्हा तू बाहुलीला पोलकं शिवायला बाइंडिंगच्या कापडाचे तुकडे मागायला यायचीस माझ्या मालकाकडे. लग्नाच्या आधीपासून घडी आत घेतोय मी. विसरेन?"

वहिनींना कळेना. "मग काल?"

"काल तू फटीतून बघत होतीस. मलाही दिसत होतीस. मी मुद्दाम कडेला लावली. म्हटलं, आता तरी हाक मारेल. पातं पाडायच्या आधी किती वेळ थांबलो माहितीय? मग मला राग आला. म्हटलं, एवढं झालं तरी बोलत नाही ना? जाऊ दे मग. आणि हाणलं."

एक बाई अर्धं आयुष्य खर्चून विहिरी मोजते, आणि ही दोन म्हातारी माणसं, दोघांनाही सगळं माहीत असून, तिचा तक्ता मध्ये धरून एकमेकांची वाट बघत बसतात. वहिनींना इतकी लाज वाटली की रडूही येईना.

फोन वाजला. मॅडम होत्या. "घेतल्या हो! क्लार्कने तक्ता उलगडला, बघितला, परत मिटला आणि शिक्का मारला!"

वहिनींनी फोन ठेवला. भाऊ उठले, एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं, 'थिसिसची कामं घेतली जात नाहीत', आणि तो काचेला आतून लावला.

"तेव्हाच लावायला हवा होता," ते म्हणाले. "तू सांगितलंस तेव्हाच."

"हो, लावायला हवा होता," वहिनी म्हणाल्या. "आता या, बसा. आणि दुखतंय मला, जरा खांदा दाबा."