भाचीचा खांदा

माझा धाकटा भाऊ आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेला नाही, आणि त्यातही राणी घेतल्यावर त्याला कधी कव्हर जमलं नाही. पण मुलगी सहा वर्षांची झाली आणि याच्या अंगात आलं. तोवर ती आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत खो-खो खेळायची, सायकलवर उंडारायची, माझ्या पेरूच्या झाडावर चढायची. तिला बॅडमिंटनला घातलं, तर तिथले सर म्हणाले, एकच खेळ धरा, बाकी सगळं बंद. झालं! सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली. पेरूवरून पडली तर हात मोडेल म्हणे. पहाटे कोर्ट, संध्याकाळी कोर्ट, मधे उरली तर शाळा.

कोर्टाच्या जाळीला नाक लावून बसणाऱ्या या आईबापांची मला मनापासून चीड येते. पोरीचा एक फटका चुकला की घरातलं कोणी गेल्यासारखी तोंडं करतात. भिजवलेल्या बदामांचा डबा मात्र हातातून सुटत नाही.

अकराव्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, रोज तेच तेच फटके मारून कोवळा खांदा झिजवलाय, काही महिने रॅकेटला हात लावायचा नाही, नाहीतर हात कायमचा जाईल. पण पुढच्याच महिन्यात जिल्ह्याची निवड होती. सर म्हणाले, आता थांबली की मागे पडली. मग भावाने डॉक्टर सोडून ज्योतिषी गाठला. पत्रिकेत कालसर्प निघाला. लोक कुठून कुठून त्यासाठी त्र्यंबकेश्वरला येतात, आम्हाला तर ते हाकेच्या अंतरावर.

"अरे, दुखतोय तिचा खांदा, तू साप कसले शोधतोस?" मी म्हणाले.

"ताई, तुला स्पोर्ट्समधलं काही कळत नाही."

पूजा झाली. गुरुजी तीर्थ द्यायला आले तेव्हा भाचीने डावा हात पुढे केला.

"उजवा, बाळ," गुरुजी म्हणाले.

ती तशीच बसून राहिली. भावाने डोळे वटारले. "एवढंही शिकवायचं का? उजवा!"

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, ओठ दाबला आणि तो हात ओढून पुढे आणला. तो इतका थरथरत होता की तीर्थ सगळं तिच्या फ्रॉकवर सांडलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भावाचा चेहरा मात्र उजळला. भावजयीला कोपराने ढोसत तो म्हणाला, "बघ, उचलला की नाही! उद्यापासून प्रॅक्टिस."