दिवा लागला की पोपट

"गाडीचं मरू दे, आधी तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा."

मावशी हे वाक्य एकोणीस वर्षं बोलली. दिवसाला साठ-सत्तर वेळा, हेडफोन कानाला लावून, रस्त्यात गाडी बंद पडलेल्या माणसांशी. त्यांची तोंडं तिला कधी दिसली नाहीत, पण आवाजावरून माणूस कसा उभा आहे ते तिला कळायचं. बॉनेटमध्ये डोकं घातलेला दबक्या आवाजात बोलतो. रस्त्याकडे पाठ करून उभा असलेला ओरडतो, कारण त्याच्या मागून ट्रक जात असतात. आणि गाडीतच बसून राहिलेल्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. या डब्यातल्या आवाजाची तिला चीड होती.

"आत काय अंडी उबवताय? उतरा. रस्त्याच्या बाजूचं दार नको, पलीकडचं. कठड्याच्या मागे जा. गेलात? हं, आता सांगा, काय झालं गाडीला."

माणसं चिडायची, मग उतरायची. पुढचं काम साधं होतं: कंपनीची जवळची क्रेन नाहीतर मिस्त्री पाठवणं. ते कुणीही करील.

हे वाक्य तिचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. तो याच कंपनीची क्रेन चालवायचा. एका दुपारी कुणाचं तरी चाक बदलत तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता आणि मागून टेम्पो आला. गाडी सलामत राहिली, याचा उजवा गुडघा गेला. दवाखान्यात कंपनीचा माणूस आला तो अर्ज घेऊन. चाक बदलून झालं होतं का, नट कितवा होता, वेळ काय. नवरा पांढराफटक पडला होता, तरी जीभ शाबूत होती. "चाकाचं मरू दे," तो म्हणाला, "मी कुठे बसलो होतो ते विचारा की कुणीतरी." ते कुणी विचारलं नाही. त्याच्या जागी तिला फोनवर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच फोनला तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं.

फोनची खोली तिसऱ्या मजल्यावर. अठरा टेबलं, न उघडणाऱ्या खिडक्या, हेडफोनचे झिजलेले स्पंज, आणि भिंतीवर एक पाटी जिच्यावर थांबलेल्या फोनांचा आकडा सतत हलत असतो. एका टोकाला साहेबाची काचेची केबिन. साहेब वयानं मावशीच्या लेकाएवढा, स्वभावानं हसरा, आणि हाच त्याचा वाईट गुण, कारण हसत हसत तो माणसाच्या बोलण्यातली सेकंदं काढून घ्यायचा. खोलीनं त्याचं नाव सेकंदसाहेब ठेवलं होतं. आल्या आल्या त्यानं फोनवर बोलायचा क्रम छापून प्रत्येकीच्या टेबलाला चिकटवला. आधी सभासद क्रमांक. मग गाडीचा क्रमांक. मग बिघाड. मग ठिकाण. माणूस कुठे उभा आहे हे त्या कागदावर नव्हतंच.

मावशी क्रम मोडत राहिली आणि तिला एकामागून एक तीन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की 'मरू दे' ही भाषा ग्राहकांशी शोभत नाही. दुसऱ्यात, की तिच्या एका वाक्यामुळे दर फोनमागे चाळीस सेकंदं वाया जातात. तिसऱ्यावर तिची सही घेतली: यापुढे मी ठरलेल्या क्रमानेच बोलेन, ठरलेल्या क्रमाबाहेरचा प्रश्न विचारणार नाही. ती सही तिनं का केली? नवऱ्याच्या गुडघ्यावर तोवर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती, आणि दवाखान्याचा खर्च ऑफिसच्या कार्डावर चालायचा. सही तिनं एका दमात केली. याचाच तिला पुढे जास्त राग आला.

पण खोली खोली असते, तिला पळवाटा माहीत असतात. साहेबाच्या केबिनवर एक लाल दिवा होता. फोन सगळेच रेकॉर्ड व्हायचे, पण साहेब जेव्हा मुलींचं बोलणं ऐकून गुण द्यायला बसे तेव्हा तो दिवा लावायचा, असा नियम होता. चोरून ऐकायचं नाही, म्हणून जुन्या बायकांनी भांडून तो बसवून घेतला होता. भांडणाऱ्यांत मावशीही होती. आता त्याच दिव्यानं खोलीला दोन जिभा दिल्या. दिवा विझलेला असला की अठराही टेबलांवरून मावशीचं वाक्य ऐकू यायचं. दिवा लागला की अठराही जणी कागद वाचायच्या.

नवीन मुलगी आली तेव्हा तिला शिकवायचं काम मावशीकडे आलं. मुलगी बारीक आवाजाची, भरभर बोलणारी, म्हणून चिमणी. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मावशी, पण दिवा लागलेला असताना एखादा डब्यातला आवाज आला तर?"

"दिवा लागला की पोपट व्हायचं, विझला की माणूस," मावशी म्हणाली. "नोकरी टिकव आधी. पोपटाला पेरू तरी मिळतो."

चिमणी हसली. शेजारची टेबलंही हसली. विनोद चांगला होता.

ते घडलं त्या दिवशी दिवा सकाळी दहापासून लागला होता. साडेअकराच्या सुमारास चिमणीनं एक फोन घेतला. मावशी शेजारच्याच टेबलावर, पण तिच्याही कानात दुसरा कुणीतरी होता. तिला फक्त दिसलं, की चिमणीनं हेडफोन दोन्ही हातांनी धरलाय आणि तिचं तोंड उघडं आहे. मग चिमणी "हॅलो, हॅलो" म्हणू लागली. तिचा आवाज चढत गेला, तशी खोली गप्प होत गेली, आणि पाटीवरचा आकडा हलत राहिला.

फोन चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचा होता. मोठ्या रस्त्यावर उताराला त्याची गाडी बंद पडली होती. तो शहाणा माणूस निघाला, कुणी न सांगता उतरून कठड्यामागे जाऊन उभा राहिला होता. तिथून त्यानं फोन केला. चिमणीनं त्याला सभासद क्रमांक विचारला. तो म्हणाला, कार्ड गाडीत आहे, थांबा, बघतो. तो कठडा ओलांडून गाडीकडे गेला, दार उघडलं, आत वाकला. त्याला कार्ड सापडलं. त्यानं पहिले चार आकडे सांगितले.

पाचवा आकडा सांगायच्या आत ट्रक आला.

पुढचे आठ दिवस खोलीतल्या पोरी एकमेकींना पाणी आणून देत होत्या. चिमणीला घरी बसवलं होतं. साहेब हसायचा थांबला, पण काचेआड त्याचं छापायचं यंत्र चालूच होतं. नवव्या दिवशी सकाळी मावशी आली तर तिच्या टेबलावर नवा कागद चिकटवलेला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: ग्राहक कुठे उभा आहे व सुरक्षित आहे का, हे प्रथम विचारावे. खाली तारीख मागच्या वर्षीची.

तिनं ते दोनदा वाचलं. शेजारणीला म्हणाली, "बघ गं, माझ्या वाक्याचं बारसं झालं. मेल्यांनी मागच्या वर्षीचा पाळणा आणलाय."

शेजारीण हसली नाही. "हळू बोल," म्हणाली, "दिवा लागलाय."

दुपारी साहेबानं तिला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मावशी, गुरुवारी सरकारी चौकशी आहे. अधिकारी फोन ऐकतील. तुम्हाला फक्त एका कागदावर सही करायची आहे. मुलीला शिकवणाऱ्या तुम्ही. तर तिला हा क्रम शिकवला होता, एवढंच."

"कुठला क्रम?"

"हा." त्यानं नवा कागद पुढे सरकवला. "तुम्ही हेच शिकवता ना? सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचंच वाक्य आहे, मावशी. आम्ही फक्त भाषा जरा सुधारली."

"आणि पोरीचं?"

"रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, तिनं 'तुम्ही कुठे' इतकं म्हटलंय, मग थांबली. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून विचारलं नाही." त्यानं सुस्कारा टाकला. "वाईट वाटतं. पण चूक कुणाची तरी असणारच ना."

मावशीच्या कानात ते दोन शब्द राहिले. तुम्ही कुठे. पोरीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. पोरगी माणूस होता होता दिव्याकडे बघून पोपट झाली, आणि आता तेच अर्धं वाक्य तिच्या गळ्याभोवती बांधणार.

"तुमच्या मिस्टरांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ना?" साहेब म्हणाला. "काळजी करू नका. कार्डाचं मी बघतो."

ती घरी गेली तेव्हा नवरा स्टुलावर पाय ठेवून रेडिओ उघडून बसला होता. हात रिकामा राहिला की त्याला दुखायचं. तिनं चपला काढल्या आणि एक भिंतीवर फेकून मारली.

"चप्पल चुकली," तो म्हणाला. "मी इकडे आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती साहेबाला शिव्या देत होती, कंपनीला देत होती, ट्रकवाल्याला देत होती. नवरा स्क्रू फिरवत ऐकत होता. शिव्या संपल्या तेव्हा म्हणाला, "एक राहिलंच."

"कोण?"

"तू."

ती उठून उभी राहिली. एवढी वर्षं याचं अंग चोळलं, याच्यासाठी जीभ गहाण टाकली, आणि हा! "मी? मी काय केलं? मी नसते तर ते वाक्य त्या खोलीत शिरलं असतं का?"

"शिरलं. आणि तूच त्याला दिव्याखाली कोंडलंस. पोपट आणि पेरू. घरी येऊन मलाही सांगितला होतास तो विनोद. मीही हसलो होतो." त्यानं स्क्रू टेबलावर ठेवला. "मला धरून शिव्या द्यायचे दोघंजण राहिले."

तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतकी आपटली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. तिला खरं तर त्याच्यावर ओरडायचं होतं. पण राग एकदा आपल्या घराचा पत्ता शोधून आला की दुसरीकडे पाठवता येत नाही.

गुरुवारी सकाळी ती निघताना नवऱ्यानं कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढून ठेवला होता. त्यात त्याचे एक्स-रे होते, आणि त्यांच्याखाली तिची तीन पत्रं.

"आणि कार्ड?" ती म्हणाली. "पुढच्या महिन्याचं काय?"

"गुडघ्याचं मरू दे," तो म्हणाला. "ती पोरगी कुठे उभी आहे ते बघ."

चौकशी साहेबाच्या काचेच्या केबिनमध्येच ठेवली होती. अधिकारी वयस्कर, शांत, पेनचं टोपण काढून बसलेले. साहेब. कोपऱ्यात भिंतीला लागून चिमणी, आठवड्यात अर्धी झालेली, पर्स पोटाशी धरून. बाहेर सोळा जणी फोन घेत होत्या आणि काचेतून बघत होत्या. आत कुणालाच जाणवलं नाही, पण डोक्यावर दिवा लागलेला होता.

रेकॉर्डिंग लावलं. मावशीनं ते पहिल्यांदाच ऐकलं. चिमणीचा आवाज, नम्र, भरभर. "नमस्कार. तुम्ही कुठे..." मग एक थांबा. फार तर दोन सेकंदांचा. त्या दोन सेकंदांत मावशीला स्वतःचा पोपटाचा विनोद ऐकू आला. मग, "आपला सभासद क्रमांक सांगा." मागून ट्रकांची घरघर. माणसाचा आवाज मोकळा होता, उघड्यावरचा. "कार्ड गाडीत आहे, थांबा हं." पावलं. दार. आणि मग तो आवाज बदलला, डब्यातला झाला. "हं, सापडलं. घ्या लिहून."

"बंद करा," अधिकारी म्हणाले.

चिमणी रडत नव्हती. ती मावशीकडे बघत होती, शिकवणीच्या दिवसांत बघायची तशी, आता पुढे काय म्हणू असं विचारत.

"सर, आमचा क्रम स्पष्ट आहे," साहेबानं कागद पुढे केला. "शिकवणाऱ्या बाई इथेच आहेत. मावशी, इथे सही. 'वरील क्रम मी शिकवला' याच्या खाली."

मावशीनं पेन घेतलं. साहेबानं श्वास सोडला. बाहेर फोन वाजत होते, आणि कुणीतरी कुणाला तरी सभासद क्रमांक विचारत होतं.

सहीच्या जागी तिनं सही केली नाही. तिनं लिहिलं, मोठ्या अक्षरांत, कागदाच्या समासात जाईपर्यंत: 'दिवा लागला की पोपट व्हायचं, हे मी शिकवलं. पोरीनं ऐकलं.' त्याखाली पूर्ण नाव आणि आजची तारीख. आजची, मागच्या वर्षीची नाही.

मग पिशवीतून तीन पत्रं काढून तिनं ती एकावर एक कागदावर ठेवली. सगळ्यात वर तिसरं, ज्याच्यावर वर साहेबाची सही होती आणि खाली तिची. ठरलेल्या क्रमाबाहेरचा प्रश्न विचारणार नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, मान वर करून साहेबाकडे पाहिलं, पुन्हा वाचायला लागले.

"मावशी," साहेब म्हणाला, "हे काय, अहो... बसा तरी. बोला काहीतरी."

तिनं गळ्यात लटकलेला हेडफोन काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. चिमणीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, पर्सच्या पट्ट्याशेजारी, आणि काचेचं दार ढकलून, अठरा टेबलांमधल्या वाटेनं, जिन्याकडे निघून गेली.