गतिरोधकागणिक एक क्रियापद: विहीणबाईंसाठी धुळे-जळगाव-धुळे

मुक्ताच्या लग्नाची फेब्रुवारीतली तारीख ठरली आणि आमच्या घरात दोन कामं एकदम निघाली. पहिलं, जळगाव-धरणगावच्या वडीलधाऱ्यांना समक्ष जाऊन सांगणं. पत्रिका मागाहून गेल्या तरी चालतात, पण तोंडी सांगणं आधी व्हावं लागतं. नाहीतर ‘आम्हाला फोनवर उरकलं’ हे जन्मभर ऐकावं लागतं. दुसरं काम, विहीणबाईंना लग्नाला यायला राजी करणं. ते जास्त अवघड होतं, कारण विहीणबाई स्पेनमध्ये राहतात.

त्यांचं नाव पिलार. आमची मुक्ता नोकरीनिमित्त वालेन्सियाला आहे. तिथेच तिला दानिएल भेटला. पोरगा गुणी आहे, आमच्या वांग्याच्या भरिताचे फोटो बघून विचारतो की हे इतकं हिरवं कसं. वडील नाहीत. आई एका लहानशा गावात एकटी राहते, कपडे शिवते आणि स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा बोलत नाही. लग्नाला या म्हटलं की म्हणते, “बेरेमोस.” म्हणजे ‘बघू’. ‘बघू’चा अर्थ काय होतो हे मला कोणी शिकवायला नको, मी तीस वर्षं शाळेत मुलांच्या पालकांना तेच सांगितलंय. दानिएलच्या मते आईला विमानाची भीती वाटते. मुक्ता एकदा फोनवर म्हणाली, “राहू दे आई, नाहीच आल्या तर.” पण ते म्हणताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मी त्याच दिवशी स्पॅनिशचं पुस्तक मागवलं. मुलीच्या लग्नात वरमाईची जागा रिकामी, हे मला सोसवणारं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे पाठांतराचं मला भय नाही. नियमित क्रियापदं म्हणजे पाढेच असतात. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान: मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते, आपण बोलतो, तुम्ही बोलता, त्या बोलतात. एकदा शेपट्या पाठ झाल्या की कुठल्याही क्रियापदाला लावा. अडचण एवढीच की त्या भाषेत ‘येणं’ आणि ‘जाणं’ दोन्ही अनियमित निघाली! लग्नघरात दुसरं लागतं काय? अनियमित मंडळींना मी अजून घरात घेतलेलं नाही, म्हणून विहीणबाईंना साधं ‘या’ म्हणायचीही माझी सोय नव्हती.

तर दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही धुळ्यातल्या देवपुरातून निघालो. गाडी चालवायला आमचे हे, म्हणजे सुभाषराव. मागच्या सीटवर सुपाऱ्यांची पिशवी आणि माझा क्रियापदांचा तक्ता घेऊन शकुअक्का, म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. नियम आमच्या ह्यांनीच काढला. गतिरोधक आला की अक्का एक क्रियापद सांगणार आणि गाडी पलीकडे उतरायच्या आत मी त्याची सहाही रूपं म्हणायची. चुकलं तर पुढच्या चहाचे पैसे माझे.

पांझरेचा पूल ओलांडून गावाबाहेर पडलो आणि अभ्यास बुडाला. पारोळा-एरंडोलमार्गे जळगावचा रस्ता आता चौपदरी झालाय, गाडी कशी लोण्यातून चालते. पोचायला दोन तासही लागत नाहीत. पण गतिरोधक कुठून आणायचे? शेवटी पारोळ्यात चहाच्या निमित्ताने मुद्दाम गावात शिरलो आणि तिथे मात्र पोटभर मिळाले. ‘कोमेर’ म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस... पुढचं ‘कोमेइस’ तोंडात असतानाच गाडी आदळली आणि जीभ चावली.

“एवढं सहा सहा कसाले लागस?” अक्कांनी मागून विचारलं. “आमनामा दख. मी खास, तू खास, तो खास. बस. घना जन व्हयनात तं खातस. कितलं सोपं शे!”

खरंच आहे. अहिराणीत मी, तू, तो सगळ्यांना एकच रूप पुरतं. हे म्हणाले, “अक्का, स्पेनवाल्यांना तुमचा क्लास लावायला हवा.” चहा माझ्याच पैशांनी झाला. पारोळ्याला थांबणार असाल तर किल्लाही बघून घ्या, भर वस्तीतच आहे.

जळगावला मुक्काम भास्करभाऊंकडे होता. ते यांचे मामेभाऊ. शहराबाहेर त्यांचं शेत आहे आणि आमच्या येण्याचं निमित्त करून त्यांनी तिथे भरिताचा बेत ठेवला होता. हिवाळ्यात खान्देशात येणाऱ्यांना माझं एकच सांगणं: हॉटेलातलं भरीत खा, वाईट नसतं, पण कोणाच्या शेतावरचं आमंत्रण मिळत असेल तर लाज न बाळगता जा. हिरवी, हातभर वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, मग बडगी नावाच्या लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचतात. वर कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तिसऱ्या भाकरीनंतर मी मोजणं सोडलं.

आमच्याकडे दुपारचे दोन म्हणजे तिकडे सकाळ. शनिवारी या वेळी पिलारबाई आपलं शिवणाचं दुकान उघडण्याआधी मोकळ्या असतात, म्हणून मुक्ताला मध्ये न घेता मी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा दिसला आणि माझ्यामागे पंधरा डोकी गोळा झाली.

“वयनी, त्यासले भरीत दखाडा!” भास्करभाऊ ओरडले.

मी फोन बडगीवर धरला आणि म्हटलं, “कोमेमोस!” आपण खातो. मागून अख्ख्या शेताने आरोळी दिली, “कोमेमोस!” पिलारबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग माझ्या अंगात आलं. कोसिनामोस, आम्ही स्वयंपाक करतो! कान्तामोस, आम्ही गातो! इथे कोणी गात नव्हतं, पण क्रियापद येत होतं, कशाला वाया घालवा?

मग मी फोन घेऊन बांधावर गेले. त्या भाषेत घरच्या माणसांत एकेरीच चालतं, असं मुक्ताने बजावलंय. विहिणीला एकेरीत बोलायचं म्हणजे मला अजून घाम फुटतो, पण धीर करून विचारलं, “पिलार, पोर के नो बियाखास?” तू प्रवास का करत नाहीस?

त्या खूप काही बोलल्या. मला ओ का ठो कळलं नाही. हळू, म्हटलं, हळू. तेव्हा त्यांनी मुलांना डिक्टेशन द्यावं तसा एकेक शब्द सुटा करून सांगितला. “आयी नो आब्लो कॉन नादिए.” तिथे मी कोणाशीच बोलत नाही. आणि ओठांवर बोट ठेवून नुसत्या बसून दाखवलं, मान खाली, हात मांडीवर. मी विचारलं, विमान? त्यांनी हात झटकला. विमानाचं काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, “दानिएल नो प्रेगुन्ता.” दानिएल विचारत नाही.

एवढे महिने आम्ही सगळे विमानाची भीती घालवत बसलो होतो. खिडकीची जागा घेऊ, झोपेची गोळी देऊ! आणि ह्या बाईला भीती होती ती परक्या घरात आठ दिवस मुक्याने बसायची. लेक नवरदेव, सून नवरी. तिच्याजवळ बसायला कोणाला वेळ असणार? पाणी मागायचं तरी कोणाकडे? “मी बोलते,” एवढंच म्हटलं. आब्लो, आब्लो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बेरेमोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणगाव. रस्त्यात जिनिंग मिलकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या इतक्या लागल्या की ओव्हरटेक करता करता यांचा पारा चढला. वेळ हातात धरून निघा. काशीमावशी म्हणजे यांच्या आईची बहीण, घरात आता त्याच सगळ्यांत मोठ्या. त्यांच्यापुढे सुपारी ठेवून पाया पडलो. जावई परदेशी, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी विचारलं भलतंच.

“तुनी इहीन ई ऱ्हायनी ना?”

मी सांगितलं, त्या नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत.

“तिले लेवाले कोन गयं?”

“घ्यायला? कोणी नाही, मावशी. फोन केला.”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गाबाहेर उभी आहे असं मला वाटलं. “आखाजीले पोटनी पोरले बी मुऱ्हाळी धाडतस, आनि इहीनले फोन करतस? मंग ती कसाले ई?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण लेक माहेरी येते. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं, तो मुऱ्हाळी. रस्ता तिला माहीत असतोच. तरी जायचं असतं.

“मावशी, ते स्पेन शे, चाळीसगाव नही,” हे म्हणाले.

“मंग काय व्हयनं? बठ्ठी पोरे इमानमा जातस.”

परतीला आम्ही अमळनेर-बेटावदवरून नरडाण्याला हायवेला लागलो. अभ्यास करायचा असेल तर हाच रस्ता घ्या, दर वस्तीला गतिरोधक आहे. पण अक्कांनी तक्ता उघडलाच नाही. दोन गतिरोधक तसेच फुकट गेले. मग हे म्हणाले, “कोणाला पाठवायचं? दानिएलला सांगू, आईला घेऊन ये म्हणावं.”

“त्यानी माय, तो लई ई. तो काय मुऱ्हाळी व्हस का?” अक्का म्हणाल्या. “पोरनं माहेर जास. आनि जिले बोलता येस, तीच जाई.”

म्हणजे आणायला जायचं ते मुलीच्या माहेरच्यांनी, आणि त्यांतही जिला बोलता येतं तिने. यांनी मान वळवून आणि अक्कांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. पासपोर्ट मी मुक्तासाठी काढलाय, पण अजून कोरा आहे. नाशिकच्या पलीकडे मी एकटी कधी गेलेली नाही. तिथे जायचं, ओळख ना पाळख, पिलारबाईंच्या घरी चार दिवस राहायचं, आणि माझ्याजवळ भांडवल काय तर वर्तमानकाळ, तोही फक्त नियमित. भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही. मीही तिथे मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसले तर? आणि हे मनात आलं तेव्हाच कळलं की त्या बाईंना मी ज्यासाठी आग्रह करत होते, ते माझ्याच्याने होईल की नाही हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

पुढचा गतिरोधक आला. अक्कांनी तक्ता न बघता सांगितलं, “बियाखार.”

प्रवास करणे. बियाखो, बियाखास, बियाखा, बियाखामोस, बियाखाइस, बियाखान. पहिल्यांदाच पलीकडे उतरायच्या आत सहाही झाली.

सोनगीरला थांबलो. इथली तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. हायवेवरून सुसाट जाणाऱ्यांनी अर्धा तास काढाच. मी एक तांब्याचा लोटा निवडला. दुकानातल्या शेठनी विचारलं, रुखवतासाठी का? म्हटलं, नाही, विहीणबाईंच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? यांनी माझ्याकडे पाहिलं, पाकीट काढलं आणि म्हणाले, “व्हिसाला काय काय लागतं ते उद्या बघतो.” आमचे हे बघतो म्हणाले की बघतात. मग किल्ल्यावर चढलो. फार उंच नाही, पण दुपारी जाऊ नका, सावली नाही. वरून हायवे लांबपर्यंत दिसतो. अक्का खालीच रसवंतीवर बसल्या.

संध्याकाळी घरी. दोन दिवसांचा हिशोब लावायचा तर डिझेल आणि टोल मिळून तिघांच्या एसटी तिकिटांपेक्षा थोडं जास्त, राहणं-खाणं नात्यातलं, म्हणजे फुकट आणि आग्रहासकट. सोबत आली भास्करभाऊंकडची पिशवीभर वांगी. जीभ अजून दुखते. क्रियापदं बरीचशी बसली. पण या प्रवासातून खरं काय उरलं ते सांगायचं तर, आम्ही लोकांना नुसतं बोलावत राहतो. घ्यायला जात नाही. हे मला साठीला आल्यावर एका म्हातारीने सांगावं लागलं.

चहा होताच मी पिलारबाईंना फोन लावला. अक्का आणि हे शेजारी बसले. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, एकही अनियमित क्रियापद नाही, ‘बसणं’सुद्धा नाही. मी प्रवास करते. मी तुझ्या घरी पोचते. मी तुझ्याबरोबर राहते, तुझ्याबरोबर जेवते, तुझ्याबरोबर बोलते. मग आपण दोघी प्रवास करतो. विमानात मी तुझ्या शेजारी बोलते. लग्नात मी तुझ्या शेजारी बोलते.

शेवटचं वाक्य संपलं आणि पिलारबाईंनी फोन टेबलावर आडवा ठेवला. त्या उठून गेल्या. पडद्यावर नुसतं छत. मला वाटलं, चुकलं, काहीतरी भलतंच बोलून बसले. लांबून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड खाली ठेवल्याचा.

“काय म्हनस ती?” अक्कांनी कानाशी विचारलं.

मग फोन कशाला तरी टेकवून उभा झाला आणि पिलारबाई परत दिसू लागल्या. त्यांच्यापुढे टेबलावर एक जुनी तपकिरी सुटकेस होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या; एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने तिच्यावरची धूळ.

“काही म्हणत नाहीत, अक्का,” मी म्हटलं. “बॅग पुसतायत.”